त्रेचाळीस सह्यांची मागची बाजू

सेगेद, १७ एप्रिल २०१६

प्रिय पिरोश्का,

तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण ते मला माहीत आहे. दर महिन्याला दोन तास तुझं डावं कोपर माझ्या उजव्या कोपराला लागून असतं. फेब्रुवारीत तुला सर्दी होती, आणि तू पेपरमिंटच्या गोळीचा कागद नेमका सगळ्यात हळू वाजवायच्या भागात उलगडलास. आता आवाज मोकळा वाटतो. म्हणजे तू कोट सांभाळणाऱ्या गिझीमावशीशी बोलतेस तेव्हा ऐकू येतो तेवढ्यावरून. नवा चष्मा चांगला दिसतो. मी ठीक आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

हे पत्र तुला कोटाच्या खिशात सापडेल. पोस्टाने पाठवलं असतं तर पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच परत केलं असतंस. म्हणून मागच्या मैफिलीला कोट ठेवताना गिझीमावशीला हळूच विचारलं, "तिच्या खिशात एक पत्र टाकाल का?"

ती म्हातारी केवढ्यानं हसली! "मास्तर, अकरा वर्षं तुम्हा बहीणभावाचे कोट मी एकाच खुंटीला अडकवते. कोटांचं एकमेकांशी छान जमतं हो. भांडण काय ते आतल्या माणसांचंच."

"टाकाल की नाही ते सांगा."

"टाकते की. पण दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत त्या. चावल्या तर मी जबाबदार नाही."

तर आता कामाचं. उन्हाळ्यात सभागृहाची दुरुस्ती आहे, हे तू फलकावर वाचलंच असशील. फलकावर नसलेली गोष्ट मला कार्यालयात कळली: मधली वाट रुंद करायची म्हणून सातवी रांग काढून टाकणार आहेत. आपली रांग, पिरी. बारा आणि तेरा. आईबाबांच्या म्हातारपणीच्या खुर्च्या. पास असणाऱ्यांनी वीस मेपर्यंत नव्या जागांचा फॉर्म भरून द्यायचा आहे. खिडकीतल्या मुलीनं यादी बघितली आणि विचारलं, "नवव्या रांगेत दोन शेजारशेजारच्या आहेत. नाहीतर इकडे एक, तिकडे एक. तुम्ही दोघं बरोबर आहात ना?"

मी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पोरांच्या कुठल्याही प्रश्नावर माझ्याकडे उत्तर तयार असायचं. ह्या प्रश्नावर मी म्हटलं, "विचारून सांगतो," आणि फॉर्म न घेताच बाहेर आलो.

इतकी वर्षं आपण बोललो नाही, पण शेजारी बसलो, कारण जागा सोडायला दोघंही तयार नव्हतो. आता जागाच जाणार. म्हणजे ह्या वेळी शेजारी बसायचं असेल तर तसं ठरवून बसावं लागेल. माझ्याकडून मी ठरवलं आहे. मला नवव्या रांगेतल्या त्या दोन हव्यात.

नुसतं पत्र लिहून तू विरघळशील इतका मी भोळा नाही. तेव्हा त्या भांडणाबद्दलही लिहितो. तुला सगळं पाठ आहे, पण आपण दोघांनी ते जगाला आपापल्या सोयीनं इतक्यांदा सांगितलंय, की एकदा सरळ लिहिलेलं बरं.

बाबा ह्या सभागृहाचे पियानो लावायचे. मैफल चालू असताना ते सूर लावायची किल्ली घेऊन पडद्यामागच्या स्टुलावर बसायचे, कारण मध्येच एखादी तार दगा देईल त्याचा नेम नसतो. मैफल संपली की वादक त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर सही करून द्यायचे. पियानोवाले तर हमखास द्यायचे, कारण बाबांनी काय केलं ते त्यांनाच कळायचं. आणि त्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला बाबा पेन्सिलीनं दोन-तीन ओळी लिहायचे. अशा त्रेचाळीस पत्रिका त्यांच्या कपाटात होत्या. आणि मी अकरा वर्षांचा असताना त्या त्रेचाळीस पत्रिकांतल्या सह्या कात्रीनं कापून काढल्या आणि वहीत चिकटवल्या. त्या काळी सह्यांच्या वह्यांचं खूळ सगळ्याच पोरांना होतं. सहीबरोबर मागच्या बाजूचे बाबांचे शब्दही कापले गेले, आणि वहीत कायमचे पालथे पडले.

बाबा गेल्यावर भोकं पडलेल्या पत्रिका तू नेल्यास, वही मी ठेवली. तू म्हणालीस, निदान एक तुकडा सोडव, त्या पियानोवाल्या बारोती इल्काच्या सहीचा. मी म्हटलं, शाई पसरेल. तू मला खाटीक म्हणालीस. जिनं निम्म्या गावाचे दात उपटले ती बाई मला खाटीक म्हणते, हे मला सहन झालं नाही. आईच्या चांगल्या कपबशा टेबलावर तशाच सोडून आपण आपापल्या घरी गेलो.

तर आता ऐक. मी वही सोडवायला घेतो. एक नाही, सगळे त्रेचाळीस तुकडे. बारोतीच्या पानाबद्दल माझं म्हणणं तुला माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

पुढच्या मैफलीला ह्या पत्राबद्दल काही बोलायची गरज नाही. तुझ्या बाजूचा हात खुर्चीच्या दांडीवर तसाच राहू दिलास, तरी मी समजेन.

तुझा,
आम्ब्रुश

*

सेगेद, ५ मे २०१६

पिरी, अगं पिरी,

हे पत्र पोस्टानंच पाठवतोय आणि तू ते फोडशील याची मला खात्री आहे. कारण परवा गिझीमावशी माझ्या दारात उभी होती, धापा टाकत, हातात चपट्या खोक्याचं गाठोडं. म्हणाली, "तुमच्या बहिणीनं दिलंय. आणि वर एक चिठ्ठी आहे. मी वाचली नाही."

"काय लिहिलंय?"

"'हात धुऊन मगच हात लावणे.'"

खोक्यात आईच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या त्रेचाळीस पत्रिका! अकरा वर्षांतले तुझे पहिले शब्द, आणि तेही हात धुण्याबद्दल. मी दोनदा धुतले. मावशीला बसवून घेतलं, तिला वाटीभर आंबट चेरीचं सार पाजलं, आणि तिच्यासमोरच पहिला तुकडा सोडवायला घेतला. ती म्हणाली, इतक्या वर्षांत कोटांच्या खिशातून पडलेलं तिनं खूप काही पाहिलं, पण असलं नाही.

कसं केलं ते सांगतो, कारण तुला वाटेल मी वही बादलीत बुडवली. शाईला पाणी लागलं की ती पसरते. पेन्सिलीला पाण्याचं काही नाही. म्हणून सही कोरडी ठेवायची आणि ओल फक्त खालून द्यायची. टिपकागद ओला करून पिळायचा, पानाच्या मागून लावायचा, वर कोमट इस्त्री दुरूनच धरायची आणि वाट बघायची. लहानपणी मी कणकेची खळ लावली होती. दुकानातला डिंक परवडत नव्हता, ते नशीबच. अर्ध्या तासात खळ फुगते आणि तुकडा आपण होऊन सुटायला लागतो. सोडवायला पातळ पातं लागतं. तुझ्या दवाखान्यातलं जुनं पातं माझ्याकडे कसं आलं ते विचारू नकोस, तेच वापरलं.

आणि मग तुकडा उलटा करून तुझ्या पत्रिकेच्या भोकात बसवायचा. पिरी, ते कसं वाटतं ते सांगता येत नाही. साठ वर्षांनी वाक्य पुरं होतं.

मी नक्कल करून पाठवतोय. तुझ्याकडे असलेलं वाक्य आणि भोकातले शब्द, दोन्ही जोडून.

तो बुखारेस्टचा गर्विष्ठ पाहुणा आठवतो? तुझ्या पत्रिकेवर आहे: 'साहेब आपल्या पियानोला अमुक म्हणाले. मी साहेबांना मनातल्या मनात तमुक म्हटलं.' अमुक आणि तमुक भोकात. घे: 'साहेब आपल्या पियानोला मेलेली गाय म्हणाले. मी साहेबांना मनातल्या मनात म्हातारा बोका म्हटलं.' आपले बाबा! ज्यांनी आयुष्यात कधी कुत्र्यालासुद्धा हाड म्हटलं नाही!

दुसरी. ती सेलो वाजवणारी उंच बाई, हिरव्या शाईतली सही. तू नेहमी म्हणायचीस की तिनं बाबांना बक्षिसी दिली आणि बाबा लाजून ती घरी बोलले नाहीत. आता बघ: 'कार्यक्रमानंतर बाईंनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. घरी सांगणार नाही.' नाहीच सांगितलं! आई तर हे न कळताच गेली.

आणि तिसरी तू बसून वाच. तुझ्या पत्रिकेवर फक्त एवढंच उरलं होतं: 'आज कोणीच' आणि खालच्या ओळीत 'पियानो' आणि शेवटी 'होता'. तू आत्याला सांगितलं होतंस, तिनं मला सांगितलं, की ते वाक्य वाचून तू रडलीस. आज कोणीच आलं नाही, पियानो एकटा होता, असं तू ते पुरं केलं होतंस. रिकाम्या सभागृहात स्टुलावर बसलेले बाबा तुला दिसायचे. मी तुकडा बसवला आणि मोठ्यांदा हसलो. शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. 'आज कोणीच खोकलं नाही. पियानो खूश होता.'

सभागृह भरलेलं होतं, पिरी! खचाखच! आणि एकही माणूस खोकला नव्हता. बाबांच्या आयुष्यातला तो बहुतेक सगळ्यात चांगला दिवस.

आतापर्यंत एकतीस झाले. दिवसाला दहा-बारा होतात, मग डोळे दुखतात. एके ठिकाणी तर पोलंडच्या एका तरुण पोराच्या सहीमागे नुसतं 'डावा बूट फाटलेला' एवढंच निघालं. बूट त्याचा की बाबांचा, देवाला ठाऊक.

बारोतीचा तुकडा अजून तसाच आहे. त्याला खळ जरा जास्त लागलेली दिसते. घाई केली तर फाटेल, म्हणून शेवटी ठेवलाय.

दहा तारखेला भेटूच. हवा चांगली झाली आहे, कोट नसतील. मावशीची चिठ्ठ्या पोचवायची नोकरी संपली. खरं बोलायची हौस असेल तर आता तोंडानंच बोलावं लागेल. मला आहे. तुझं तू बघ.

तुझा,
हात धुतलेला
आम्बी

*

सेगेद, ११ मे २०१६

माझी लाडकी पिरी,

काल तू माझ्याशी बोललीस. घरी येताना मी पुलावरून चालत आलो, ट्रामनं नाही, आणि गुडघा एकदाही दुखला नाही. असाच आनंदात राहिलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आधी कालचं लिहितो, कारण ते मला कागदावर हवंय.

दिवे मंद झाले, वादक बसले, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सरक जरा. तुझं ढोपर माझ्या पर्सवर आहे." एवढंच. त्यानंतर पहिल्या भागात काय वाजवलं, मला एक स्वर आठवत नाही. मध्यंतरात तू सरळ चालत जाऊन खाण्याच्या खिडकीवर रांगेत उभी राहिलीस आणि दोन माणसांचं मागवलंस. गरम पोगाचा, त्या छोट्या खाऱ्या पावांची बशी, दोन ग्लास सोडा घातलेली पांढरी वाइन. माझ्या ग्लासात सोडा जास्त. अकरा वर्षांनीही तुला ते आठवत होतं.

"कोणीच खोकलं नाही," तू म्हणालीस. "आम्बी, मी त्या पानावर किती रडलेय रे. मला वाटायचं त्यांना कोणीच नव्हतं."

"सभागृह भरलेलं होतं."

"ते कळलं मला. मूर्ख. माहीत आहे म्हणून तर सांगतेय." मग तू चष्मा काढून पुसलास. "आणि म्हातारा बोका! मी दवाखान्यात पेशंटच्या तोंडात हात घालून हसत होते. बिचारा घाबरला."

गिझीमावशी रिकाम्या खुंट्यांमधून मान काढून आपल्याकडे टक लावून बघत होती आणि तिनं कोणाला तरी कोपरानं ढोसलेलंही मी पाहिलं.

दुसऱ्या भागानंतर सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागलं. तुला माहीत आहे, न बोलण्याच्या वर्षांतही आपण त्या ठेक्यात बरोबरच वाजवायचो, तेवढ्यापुरतं भांडण बाजूला. काल त्या टाळ्यांत तू माझ्या कानाशी वाकलीस आणि म्हणालीस, "ते बारोतीचं पान सुटत नसेल तर ओढू नकोस. फाटेल. तूच गेला होतास त्या दिवशी. मान्य. मला स्वप्न पडलं असेल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तू म्हणालीस, "गप्प बस. एका संत्र्यासाठी भाऊ घालवायचं वय नाही राहिलं माझं. फॉर्म भर. नववी रांग."

आणि टाळ्या वाजवत राहिलीस.

पिरी, तू जर पुन्हा एकदा खाटीक म्हणाली असतीस ना, तर बहुतेक मी गप्प राहिलो असतो. तो तुकडा 'पाण्यानं खराब झाला' असं लिहून मोकळा झालो असतो. तसं ठरवलंही होतं. पण तू हार मानलीस. माझ्यासाठी तू तुझी स्वतःची आठवण सोडून दिलीस, आणि तीही हसत. ते मला पचेना. तेव्हा आता वाच.

बारोतीचा तुकडा शेवटी ठेवला नव्हता. तो मी सगळ्यात आधी सोडवला, गिझीमावशी यायच्याही आधी. आणि सोडवायची तशी गरजही नव्हती, कारण मागे काय आहे ते मला २६ जानेवारी १९५९ पासून माहीत आहे.

तुझ्या पत्रिकेवरचं वाक्य तुला तोंडपाठ आहे: 'आज अमक्याला सोबत नेलं. वरचा एक सूर उतरलाय हे माझ्याआधी लेकराला कळलं. असा कान आपल्या घरात आहे हे मला ठाऊक नव्हतं.' नाव भोकात गेलेलं. मी आयुष्यभर सांगितलं की ते नाव माझं. तू म्हणायचीस, पण मला ते आठवतं, मागचं स्टूल, ओल्या फरचा वास असलेली एक उंच बाई, तिनं सोललेलं संत्रं. आणि मी म्हणायचो, तू फक्त सहा वर्षांची होतीस, ते सगळं मी तुला सांगितलंय, म्हणून तुला आठवतं. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, तुम्ही दोघंही पाळीपाळीनं यायचात की, पहिलं कोण आलं ते आता कुठे आठवणार.

तुकडा ह्या पाकिटात आहे. सहीची बाजू वर ठेवलीय. उलटा कर.

'पिरीला.'

त्या रविवारी दुपारी बाबा मला नेणार होते. महिनाभर आधीपासून ठरलं होतं. शनिवारी माझे गाल सुजले, गालगुंड. आईनं माझ्या डोक्याला लोकरीचा रुमाल बांधला आणि बाबा तुला घेऊन गेले. तू परत आलीस ती धावत, बूट न काढता, थेट माझ्या पलंगापाशी. तुझ्या हातमोज्यात अर्धं संत्रं होतं. आपल्या घरात त्या हिवाळ्यात आलेलं एकुलतं एक संत्रं, आणि त्यातलं अर्धं तू माझ्यासाठी राखून आणलं होतंस. मी एक फोड तोंडात टाकली. गालगुंड झालेल्या माणसाला आंबट खाल्लं की काय होतं ते तू डॉक्टर म्हणून जाणतेस. मी किंचाळलो, फोड थुंकली आणि तुझ्यावर ओरडलो. तू रडत स्वयंपाकघरात गेलीस.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी बाबांच्या कपाटातली ती पत्रिका काढून वाचली. 'असा कान आपल्या घरात आहे.' मला आईची भरतकामाची कात्री सापडली. मी तुझं नाव कापून काढलं, पिरी. पुढच्या बाजूला सही होती हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. भोक पडल्यावर दिसलं की बारोती इल्काची सहीच माझ्या हातात आली आहे. मग घाबरलो. आता काय सांगायचं? वर्गातल्या एका पोराकडे सह्यांची वही होती, ते आठवलं. वहीच करतोय असं सांगायचं असेल तर एक सही पुरत नाही. म्हणून उरलेल्या बेचाळीस कापल्या. एक भोक लपवायला बेचाळीस भोकं. सुजलेले गाल घेऊन दोन दिवस मी कापत आणि चिकटवत बसलो, आणि खळ अशी लावली की कोणाला मागची बाजू कधी दिसू नये.

बाबांनी ती पत्रिका दिव्यासमोर धरली. त्या भोकातून त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता मारतील. ते म्हणाले, "सरळ तरी कापायचं होतंस." पुढच्या आठवड्यात त्यांनी वहीला बांधायला हिरवं कापड आणलं. त्यांना कळलं होतं, ह्याबद्दल आज मला जराही शंका नाही. 'पाळीपाळीनं यायचात' हे ते मला सांभाळून घ्यायला म्हणायचे. त्यात तुझं काय गेलं ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या मात्र आलं होतं.

कारण तू आधी ठासून सांगायचीस, 'बाईंनी मला संत्रं दिलं.' मग 'मला वाटतं, बाईंनी संत्रं दिलं' असं म्हणायला लागलीस. मग काल, 'स्वप्न पडलं असेल.' ते 'मला वाटतं' माझं काम आहे. ते मी तुझ्या आठवणीला चिकटवलं, आणि अकरा वर्षांपूर्वी तू सोडव म्हणालीस तेव्हा शाईचं कारण सांगून नाही म्हटलं.

मला माफ कर. सरळ, साध्या शब्दांत म्हणतो, कारण इतर सगळ्या तऱ्हा मी वापरून संपवल्यात.

आता एक देणं नाही, एक भेट. तू रडत जायच्या आधी, पलंगाच्या कडेवर बसून, तू मला सगळं सांगितलं होतंस. तू सहा वर्षांची होतीस. त्यातलं बरंच तू विसरलीस. मी नाही विसरलो, कारण मी जळत ऐकत होतो, आणि जळणारा माणूस एक शब्द सोडत नाही. तर ऐक, हे तुझं आहे:

तू बाबांना म्हणालीस, वरचा तो सूर आंबट आहे. बाबांनी किल्ली घेतली, पडद्याआडून बाईंना खूण केली, आणि बाई तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण म्हणतं? ही?" मग त्यांनी तो सूर स्वतः दाबून बघितला, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हिचं." वाजवायला बसायच्या आधी त्यांनी हातातल्या अंगठ्या काढल्या. तीन होत्या. टेबलावर नाही ठेवल्या, बाबांच्या हातातही नाही दिल्या. तुझी मूठ उघडून त्यात ठेवल्या आणि मूठ मिटली. पूर्ण मैफलभर तू ती मूठ उघडली नाहीस. टाळ्यासुद्धा एका हातानं मांडीवर वाजवल्यास. शेवटी बाईंनी अंगठ्या परत घेतल्या तेव्हा त्या गरम झाल्या होत्या, आणि त्या हसून म्हणाल्या, आता बोटं छान शेकतील. मग संत्रं सोललं.

अंगठ्यांचं तू आयुष्यात कधी बोलली नाहीस, म्हणजे तुला ते आठवत नाही. पण ते झालं होतं. साक्षीदार मी आहे. त्या दिवशीच ऐकलेलं सांगतोय, आणि ह्यात माझं एक अक्षरही नाही.

हे लिहिताना मी रडलो असेन असं तुला वाटेल. नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. सकाळपासून शीळ घालतोय, बेसूर. कान तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आता ते अधिकृत आहे.

त्रेचाळीसही पत्रिका पुऱ्या झाल्या आहेत, फक्त तुझ्या हातातला तुकडा बसवायचा राहिलाय. तो तू बसव. फॉर्म मी आणलाय. माझं नाव लिहिलंय, शेजारची जागा कोरी ठेवलीय. काल तू हो म्हणालीस ते ज्या भावाला, तो खरा नव्हता, म्हणून कालचा होकार मी धरत नाही. वीस तारखेपर्यंत वेळ आहे. तू दुसरीकडे बसायचं ठरवलंस तरी चालेल. मैफल तिथूनही ऐकू येईल, आणि मी तुला दुरून बघून मान हलवेन.

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त पापे.

तुझा भाऊ,
जो त्या दुपारी घरी होता